कारवीचा उतार आणि माझी किरकोळ मालमत्ता

मी, सुशांत धोंडू घाडी, वय बावीस, राहणार मुलुंड (पश्चिम), पूर्ण शुद्धीत, कोणतीही नशा न करता आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. कारण परवा सकाळी आठला सोसायटीमागच्या डोंगरउतारावर जेसीबी येणार आहे आणि मी त्याच्यापुढे बसणार आहे. ड्रायव्हर नवीन आहे म्हणतात.

१. घर बाबांच्या नावावर आहे. विषय संपला.

२. वनस्पतिशास्त्राचं पहिल्या वर्षाचं पुस्तक आमचे चेअरमन श्री. विद्याधर कारखानीस यांना. दुसऱ्या वर्षाचं घेतलंच नाही. पार्किंगसाठी कॉलेजातला पांगारा तोडला तेव्हा मी प्राचार्यांना जे बोललो, त्यानंतर आम्ही एकमेकांना मोकळं केलं. एक पान मुडपून समासात लिहून ठेवलंय: कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, मग वाळते, आणि वाळक्या बोंडांतलं बी पुढच्या पावसात जमिनीवर पडतं. आपली गेल्या वर्षी फुलली. म्हणजे उतारावरचं ते मेलेलं नाही, बाळंतपणाला टेकलेलं आहे. यावर कारखानीस काका म्हणाले, "अरे, काड्या आहेत त्या. साप होतील. पाच जूनला तिथे पाम लावू, दुबईसारखं वाटेल." पर्यावरण दिनासाठी आधी पर्यावरण साफ करून घेण्याची कल्पना समितीत एकमताने मंजूर झाली.

३. खुरपं आणि गमबूट वॉचमन चंद्रप्रकाश यांना. "ये फिर उगेगा क्या?" एवढं त्यांनी एकट्याने विचारलं. अकरा जणांच्या समितीला ते सुचलं नाही.

४. उशीच्या अभ्र्यात भरलेली कारवीची बोंडं कु. गंधाली विद्याधर कारखानीस हिला. पाऊस नीट लागला की उतारावर नुसती पसरायची, पुरायची नाहीत. हल्ली पाऊस मनाला येईल तेव्हा येतो, तेव्हा कॅलेंडर नको, आभाळ बघ. गेल्या सप्टेंबरात जांभळा उतार बघून तीच म्हणाली होती, "पुढची पण आपणच बघायची ना रे?" पुढची २०३२च्या आसपास. मी तेवढं थांबायला तयार होतो. तिने दिवाळीनंतर माझे मेसेजही उघडले नाहीत. पाच जूनच्या निमंत्रणपत्रिकेवरचा पाम तिनेच काढलाय. झकास आलाय. तरी बी तिलाच. माझा इलाज नाही.

५. उतारावर माझ्या नावाचा बाक बसवू नये. रंगीत तर अजिबात नको.

ठिकाण: मुलुंड (पश्चिम)
दिनांक: १८ मे २०२५
(सही) सुशांत धोंडू घाडी

साक्षीदार:

१. काशीराम, गेटजवळचे इस्त्रीवाले. वाचलं नाही, सही केली.

२. गंधाली कारखानीस. सही नाही. सगळं दोनदा वाचून म्हणाली, "साक्षीदार मागे उरायला लागतो ना? मग दुसरं कोणतरी बघ. परवा मी पण बसतेय तिथे. आणि बाबांना तू काही बोलायचं नाहीस, मी सांगेन."

सबब कलम चारमध्ये तिच्याऐवजी माझी आई सौ. सुगंधा हिचं नाव वाचावं. बाकी कागद आहे तसा राहू द्यावा. मरायचा बेत तेवढा मी मागे घेतो.