एकशे बारा गाणी आणि मोडनिंब

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ७.१०
नवीन वही. दोनशे पानी, समास आखलेली. नियम तीन : रोज लिहायचं, खरं लिहायचं, शुद्ध लिहायचं. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, व्याकरण सोडलेलं नाही.
आजची मोठी बातमी. शिवशरणमामाने सात सीटची गाडी घेतली. सेकंडहँड आहे, पण सीट कव्हर नवीन. आता तो सहली काढणार. पहिली सहल २१ तारखेला, महाबळेश्वर, दोन दिवस. पॅसेंजर म्हणजे आमच्या गल्लीतल्या गिरिजाबाई आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या चार जणी. मामाला गाडीत कायमचा एक माणूस हवा आहे, पॅसेंजरची काळजी घेणारा. मामा म्हणाला, ‘विऱ्या, एक ट्रिप ये. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर त्या मोबाइलच्या दुकानात कव्हर विकत बस म्हातारा होईस्तोवर.’
मी ताबडतोब हो म्हटलं. आई लगेच म्हणाली, ‘अरे, पण तुला गाडी लागते की.’
लागायची. भूतकाळ. हा फरक घरात कुणाला समजत नाही.

१ डिसेंबर, रात्री ८.००
मुद्दा स्पष्ट लिहून ठेवतो. गाडी लागणे हा पोटाचा आजार नाही. तो चुकीच्या गाण्यांचा परिणाम आहे. पुरावा : सहावीची सहल. मोहोळच्या अलीकडे ड्रायव्हरने ढोलकीचं गाणं लावलं आणि मला उलटी झाली. दुसरा पुरावा : मावसभावाचं वऱ्हाड. गाडीत सनई चालू होती. पुन्हा मोहोळच्या अलीकडेच. दोन्ही वेळा गाणं होतं. गाडी पण होती, पण गाडी तर सगळ्यांनाच होती.
म्हणून योग्य रस्त्याला योग्य गाणं लावलं, तर कुणालाच काही होणार नाही. मी सोलापूर ते महाबळेश्वर गाण्यांची यादी करणार. मामाला हे सांगितलं नाही. नुसता निकाल दाखवायचा.

४ डिसेंबर, बुधवार
दुकानात गर्दी. ऊसतोडीचा सीझन असल्यामुळे ट्रॅक्टरवाले पेन ड्राइव्ह भरून घ्यायला येतात. दोन ट्रॉल्या ऊस आणि वर चार स्पीकर. मालकाचा नियम असा की, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. मी आजपासून गिऱ्हाइकाला गरज आहे ते देणार. माढ्याच्या जोतिरामला धडाकेबाज गाणी हवी होती. मी त्याला संथ बासरी आणि संतूर भरून दिलं. प्रयोगासाठी असा माणूस लागतोच.

६ डिसेंबर, शुक्रवार
यादीचे रकाने ठरले : किलोमीटर, रस्ता, गाणे क्रमांक, कारण. ‘कारण’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ऊस दिसला की मोकळं गाणं. टोलनाका आला की शांत गाणं, म्हणजे माणूस चिडत नाही. जेवणानंतर चाळीस मिनिटं तबला नको. पसरणी घाटासाठी वेगळा विभाग, नाव ‘वळणे’. आतापर्यंत सदुसष्ट गाणी. क्रमांक १४ मोहोळच्या अलीकडे येईल असं बसवलं आहे. ते गाणं म्हणजे माझं ब्रह्मास्त्र.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी १.००
चाचणी. सात रस्त्यापासून सोलापूरच्या वेशीवरच्या बाळं गावापर्यंत शेअर रिक्षा, कानात हेडफोन. यशस्वी. पुलाजवळ उतरलो. बाळं अजून पुढे होतं, पण हवा चांगली होती, म्हणून चालत गेलो. परतही चालत आलो. चालणं आरोग्याला चांगलं.

११ डिसेंबर, बुधवार
जोतिराम दुकानात आला. सगळ्यांसमोर म्हणाला, ‘भावा, काय भरून दिलंस रं? पहिलं गानं लागलं, डोळा लागला, ट्रॅक्टर सरळ बांधावर. ऊस कारखान्याला न्यायचा होता, परत रानात गेला की!’
मालक लई हसला. नंतर हसला नाही.
मी नोंद केली : झोप आली म्हणजे पोट शांत झालं. झोपलेल्या माणसाला उलटी होत नाही. प्रयोग यशस्वी, मात्र ड्रायव्हरवर करू नये. संतूर यादीतून मागच्या सीटसाठी राखून ठेवलं. मागच्या सीटला वेगळं गाणं कसं ऐकवायचं, हे ठरवायचं आहे.

१४ डिसेंबर, शनिवार
मामाकडे गाडीचा साउंड तपासायला गेलो. पेन ड्राइव्ह चालतो. मामाची मुलगी दानेश्वरी अंगणात अभ्यास करत होती. फार्मसीला आहे, त्यामुळे सगळ्या गोष्टींवर तिचं मत असतं. माझी वही हातातून घेऊन वाचली. म्हणाली, ‘विरू, त्या बायकांना विचारलंस का, त्यांना काय ऐकायचंय?’
मी म्हटलं, डॉक्टर पेशंटला विचारतो का, तुला कोणतं औषध आवडतं?
ती म्हणाली, ‘डॉक्टर आधी स्वतः बरा असतो.’
जाता जाता गोळ्यांचं पाकीट दिलं तिने. गाडीत बसायच्या आधी अर्धा तास एक. मी नम्रपणे नाकारलं. तिने माझ्या सायकलच्या पिशवीत टाकलं असावं, कारण आता ते टेबलावर आहे. घेणार नाही. गोळी घेतली तर यश कुणाचं, हे कळणार नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार
आईने आवळासुपारी, लिंबू, लवंगा आणि जुने पेपर काढून ठेवले. पेपरवर बसलं की गाडी लागत नाही, हे तिचं शास्त्र. मी विचारलं, कोणता पेपर, सकाळचा की संध्याकाळचा? ती म्हणाली, ‘ज्याच्यावर बसून तुला अक्कल येईल तो.’
गिरिजाबाई घरी आल्या होत्या. मंडळाच्या बायका बरोबर एक मोठी कापडी पिशवी आणणार आहेत, पायाशी ठेवायला. हलवली की खणखण वाजते. नोंद : आवाजामुळे गाण्यात अडथळा येईल. डिकीत ठेवायला सांगणे. त्या मला कानडीत ‘तम्मा’ म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांनी विचारलं, ‘तम्मा, गाडीत तू गाणी लावणार म्हणं?’ मी म्हटलं, एकशे बारा. त्या म्हणाल्या, ‘अय्यो, मग आमी बोलायचं कवा?’
बोलण्यासाठी दोन गाण्यांच्या मध्ये चार सेकंद आहेत.

१९ डिसेंबर, गुरुवार
पेन ड्राइव्ह तयार. एकशे बारा गाणी, क्रमाने. दुसरी प्रत काढली नाही, कारण क्रमात गोंधळ व्हायला नको. नियम : गाडी बंद झाली की, पेन ड्राइव्ह काढून पॅन्टच्या उजव्या खिशात ठेवायचा. गाडीच्या उष्णतेने तो बिघडू शकतो. हा नियम दहा वेळा उठून-बसून पाठ केला. आता हात आपोआप जातो.
मालकाला सांगितलं, सोमवारपासून बहुधा येणार नाही. मालक म्हणाला, ‘बहुधा ये.’

२१ डिसेंबर, शनिवार. पहाटे ५.४०
निघालो. मी पुढच्या सीटवर. सीटवर पेपर नाही. (होता. काढला.) गाणं क्र. १. बासरी.

५.५५
बाळं. मागून गिरिजाबाई : ‘तम्मा, कोण गेलंय का?’ मी सांगितलं, पहाटेसाठी हेच योग्य. त्या म्हणाल्या, ‘मातीला निघाल्यासारखं वाटालंय. साकु, साकु, बास झालं, बंद कर.’ बंद केलं नाही. परिणाम व्हायला वेळ लागतो. खणखणती पिशवी डिकीत ठेवू दिली नाही. मांडीवरच धरून बसल्यात.

६.१५
प्रकृती उत्तम. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे.

६.२८
क्र. १४ अजून आलं नाही. मोहोळ आलं. मामा ठरल्यापेक्षा वेगात चालवतो आहे. हे यादीत धरलेलं न

७.००
मधला वेळ लिहिता आलं नाही. दोन थांबे झाले. पहिला थांबा निसर्ग पाहण्यासाठी. दुसरा पण. बायका उतरून पाठीवरून हात फिरवत होत्या, त्याची गरज नव्हती. मामा म्हणाला, ‘पॅसेंजरची काळजी घ्यायला तुला आणला, आन् पॅसेंजर तुझी घ्यायलेत.’ दोष पूर्णपणे क्र. ११ चा. त्यात मध्येच ढोलकी निघाली. डाउनलोड करताना शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

७.४०
मोडनिंब. तिसरा थांबा. या वेळी पॅन्टवरही थोडं. मामाने गाडी बंद केली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, ‘या हिशेबानं महाबळेश्वर पुढच्या शनवारी येतंय.’ गिरिजाबाई म्हणाल्या, ‘लेकराला हितंच कुणाकडं ठेवा की. जाताना न्यावा.’ इथे माझी चंद्रव्वा आत्या राहते. हायवेपासून अर्धा किलोमीटर. तिच्या दारात उतरलो.
माझा निर्णय असा : संगीत विभाग आता मोडनिंबहून चालेल. यादी बसवलेली आहे. गाणी चालूच राहतील. मी घड्याळावरून लक्ष ठेवणार.

९.००
आत्याने पॅन्ट बादलीत टाकली. मी आत्याच्या नवऱ्याच्या, म्हणजे मामंजींच्या लेंग्यात. नाडी दोनदा गुंडाळली आहे. आत्या म्हणाली, ‘आरं, तुला यष्टीनं न्हेलं तरी मोहोळला उलट्या करायचास. कुनी गाडीत घातलं तुला?’ मी सांगितलं, नोकरी आहे. ती म्हणाली, ‘वकायची?’

१०.१५
आता फलटण असणार. क्र. ४४. बायका टाळ्या वाजवत असतील. हे टाळ्यांसाठीच बसवलेलं गाणं आहे.

१२.०५
पसरणी घाट. ‘वळणे’ विभाग सुरू. डोळे मिटून मनातल्या मनात क्र. ६१ ऐकलं. डावं वळण. उजवं वळण. पुन्हा डावं. मग परसात जावं लागलं.
शेळ्या माझ्याकडे बघत होत्या. आत्या पण. ‘खाटंवर बसून लागली व्हय रं?’ म्हणाली आणि ताकभात पुढे ठेवला.
या प्रकाराचा गाण्याशी काय संबंध, हे सावकाश लिहीन.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी
लिहिलं नाही. आत्याच्या शेळ्या सोडल्या, बांधल्या. मामाचा फोन लागत नाही. डोंगरात रेंज नसते. सहल कशी झाली, हे कळेपर्यंत माझी नोकरी पण रेंजच्या बाहेर.

संध्याकाळी ६.३०
गाडी आली! मामा उतरला तोच हसत. म्हणाला, ‘विऱ्या, काय गाणी झाली रे! जाताना गाणी, येताना गाणी, घाटात तर मी बी टाळ्या वाजवत होतो. पुढच्या दोन ट्रिपा तितंच बुक झाल्या.’ गिरिजाबाईंचा घसा बसला होता, पण चेहरा फुलला होता.
मोठ्या यशात माणसाने गप्प राहावं. दानेश्वरीला काय काय सांगायचं, ते मनात क्रमाने लावलं.
निघताना आत्याने रुमालाची गाठ हातात दिली. ‘घरी गेल्यावर सोड,’ म्हणाली. गाडीत पेपरवर बसलो, कारण तो आधीच अंथरलेला होता. गोळी घेतली, कारण गिरिजाबाईंनी तोंडातच घातली. यशाचा आढावा घ्यायला डोळे मिटले. उघडले तर बाळं, सोलापूर आलेलं.

२३ डिसेंबर, सोमवार. सकाळी ८.००
आत्याची गाठ सोडली. चार लवंगा. अर्धं लिंबू. आणि पेन ड्राइव्ह.
धुतलेला, वाळवलेला, स्वच्छ.

८.०५
उजवा खिसा.

८.४०
मामाला फोन केला. सरळ विचारलं, गाणी कुणाची लागली? मामा म्हणाला, ‘लागायला काय, तुझं ते पेन का काय, मोडनिंबला सापडंना. मग गिरिजाबाईंनी पिशवी सोडली. आत टाळ! पाच जणी, पाच टाळ. एक मराठी, एक कानडी, असं महाबळेश्वरपर्यंत. भजनी मंडळ हाय रे ते, त्यांना तू बासरी ऐकवालतास.’
मी विचारलं, मग नोकरी?
मामा म्हणाला, ‘उद्या दुकान सुटल्यावर ये.’
म्हणजे दुकानात जायचं होतंच. गेलो. मालकाने कव्हरांचा खोका पुढे सरकवला.

२४ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.३०
मामाने चहा दिला. म्हणाला, ‘विऱ्या, तुला गाडीत बसवत नाही. पण परवा बायका सारख्या म्हणत होत्या, त्या पोराला आधी कुणी विचारलं असतं, तर एवढं झालं नसतं. बुकिंग झालं की तू फोन करायचा. कुणाला गाडी लागते, कुठं लागते, गोळी कवा द्यायची, गाडी कुठं थांबवायची. लिंबू, सुपारी, पिशव्या, पेपर, समदं गाडीत तुझ्या हातानं ठेवायचं. संध्याकाळचं दोन तास. यातलं तुझ्याएवढं सोलापुरात कुणाला कळतंय?’
दानेश्वरी दारात उभी होती. हसेल असं वाटलं. ती म्हणाली, ‘गोळ्यांची नावं मी लिहून देते. स्पेलिंग तू तपास.’
हो म्हटलं. दुकान सकाळी, हे संध्याकाळी.

रात्री ९.१०
नवीन वही. शंभर पानी पुरेल. रकाने : नाव, कुठे लागते, उपाय, कारण. रेघा सरळ आल्या आहेत का, ते पाहण्यासाठी पहिली ओळ स्वतःचीच भरली.
नाव : विरेश.
कुठे लागते : मोहोळच्या अलीकडे.
उपाय : गोळी, पेपर, आत्या.
शेवटच्या रकान्यात ‘क्र. ११, ढोलकी’ असं लिहिलं. मग पट्टी ठेवून एका रेघेत खोडलं.
कारण : गाडी.