फायनलसाठी राखून ठेवलेला माणूस

५ एप्रिल, रविवार
लीगची पहिली मॅच. आपला नवतारा फुटबॉल क्लब जिंकला, ३-०. मला खेळवलं नाही. कॅप्टन अजिंक्य म्हणाला, शिवपुत्रदादा, तुमाला फायनलसाठी राखून ठेवलंय. पोराचं वय चोवीस, पण समज केवढी! हुकमाचं पान कोणी पहिल्या डावात टाकत नाही.
संकल्प : उद्यापासून पहाटे पळणे. भजी बंद.

६ एप्रिल
गजर झाला. पण राखून ठेवलेले गुडघे उगाच कशाला शिणवायचे? पडल्या पडल्या मनातल्या मनात सराव केला. तीन गोल मारले.

१२ एप्रिल
पुन्हा बाकावर. बसल्या बसल्या यशाबद्दल विचार सुचला. यश म्हणजे योग्य वेळी योग्य जागी उभं असणं. एकोणीस वर्षं मी गोलसमोर योग्य जागीच उभा आहे. बॉलची वेळ चुकते, त्याला मी काय करू? लीगमध्ये माझ्या नावावर गोल नाही, एवढंच काय ते राहिलंय. फायनलला तेही होईल.
बायकोला, महेश्वरीला, हा विचार ऐकवला. ती म्हणाली, येताना दळण आणा.
पलीकडच्या पेठेतल्या क्लबने बोलावलं तरी जायचं नाही, हेही ठरवून टाकलं. अजून बोलावलेलं नाही. पण निष्ठा आधीच तयार असलेली बरी.

२० एप्रिल
अजिंक्य येऊन माझी नऊ नंबरची जर्सी घेऊन गेला. धुवायला, म्हणाला. या सीझनला मी ती घातलेलीच नाही. पण फायनलला चकचकीत हवी, हे बरोबरच आहे.

२८ एप्रिल
फायनलला पोचलो! म्हणजे, मी बाकावरून पोचलो. अध्यक्ष विरुपाक्षअण्णांनी माझा चांगला फोटो मागितला, फ्लेक्ससाठी. फेट्यासाठी डोक्याचं मापही विचारलं. मॅन ऑफ द सिरीज आधीच ठरलेला दिसतोय. एकही मॅच न खेळता हा मान मिळवणं सोपं नाही.
महेश्वरी म्हणाली, "गेल्या वर्षी त्या गोलकीपरचाबी फोटो मागितला होता की अण्णांनी. त्यो आता कुटं हाय?"
घरच्यांना किंमत नसते. टेन्शनमध्ये भजी खाल्ली. टेन्शनमधली मोजायची नसतात.

१० मे, रविवार, संध्याकाळी
फायनल. समोर कुर्डुवाडीचा संघ. जर्सी धुऊन आलीच नाही, म्हणून जुनी घातली, खाली हाफपँट, वरून शर्ट-पँट. बूट घरूनच बांधून गेलो.
मैदानाच्या गेटवर फ्लेक्स. त्यावर मी, हसतमुख. खाली लिहिलेलं : निवृत्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. कोणाची निवृत्ती, म्हणून पुन्हा वाचलं.
मॅचच्या आधी सत्कार. फेटा, नारळ आणि शालीऐवजी आपली सोलापुरी चादर. मे महिन्यात! अण्णा म्हणाले, यांनी क्लबसाठी आयुष्य वेचलं. मग मला चादरीसकट सोफ्यावर बसवलं. माझी नऊ नंबरची जर्सी कॉलेजातल्या शिवराजच्या अंगावर होती. स्वच्छ धुतलेली.
लग्नसराई. राखीव तिघांपैकी दोघे मोडनिंबला जेवायला गेलेले. तिसरा हाफटाइमलाच उतरवला. मग शिवराजच्या पोटरीत गोळा आला आणि त्याला उचलून बाहेर आणलं. स्कोर ०-०, आपले दहाच.
मी उठलो. फेटा सोफ्यावर, चादर खाली, शर्ट-पँट चादरीवर. लाइनपर्यंत पळालो. अजिंक्य धावत आला. वाटलं, मिठी मारतोय.
तो म्हणाला, "काका, तुमी बसा की. दहा जणांत भागवतो आमी."
कालपर्यंत दादा होतो.
बसलो. कोणीतरी चादर पुन्हा खांद्यावर घातली.
अगदी शेवटी गोल झाला. आपला! सगळ्यात आधी मीच ओरडलो, नारळ घेऊन नाचलो. मग आठवलं, आपण रागावलोय.

११ मे
वाईट वाटतंय. हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. सकाळी मोरीत थोडा रडलोसुद्धा.
दिवसभर एकच प्रश्न डोक्यात. काल मी आत गेलो असतो, तर क्लब जिंकला असता का?
उत्तर लगेच आलं. ते इथेही लिहीत नाही.
चादर मात्र चांगली आहे. डबलची.