उलट्या पातेल्यांची खाडी

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सोमवार, २ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तुझ्या पुस्तकाचं एकशे चौऱ्याऐंशीवं पान वाचलं आणि घड्याळ पाहिलं. शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. गुन्ह्याची वेळ टिपायची सवय जात नाही.

एकट्याने शिडाच्या होडीतून खंडाला वळसा घातलास, याचं मलाही कौतुक होतं. पण दक्षिण टोकाची ती खाडी, उलट्या पातेल्यांसारखे तीन खडक आणि त्यांच्यामागचं संथ पाणी माझ्या स्वयंपाकघरातलं आहे. सहा आठवडे तुझं पत्र नव्हतं. आई खिडकीतून हलेना, जेवेना. शेवटी मीच तुझ्या नावाने पत्रं रचून तिला वाचून दाखवली. ओट्यावर पातेली निथळत होती, त्यांचे खडक केले. तुझी खरी पत्रं मी वहीत उतरवायचे, त्यात हीही उतरवली, कारण आई वही पुन्हा पुन्हा मागायची. सगळं एकाच अक्षरात, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेल्या.

तू वही मागितलीस तेव्हा आईला जाऊन आठ दिवस झाले होते. ती पानं फाडायची राहिली. तेवढी चूक माझी. पण तू ती छापलीस कशी?

लोभ आहेच, हल्ली जरा दमतो इतकंच.

तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून अजून शाळेत असल्यासारखं वाटलं. त्या सहा आठवड्यांतलं मला फारसं आठवत नाही. तापाने फणफणलो होतो. एका मालवाहू जहाजाने मला आणि होडीला उचलून टोकापलीकडच्या बंदरात सोडलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. वहीत खाडी दिसली तेव्हा वाटलं, आपणच कधीतरी लिहिलं असेल. मग तसंच वाटू दिलं. लोकांना नेमकं तेच प्रकरण आवडतं. आता गप्प राहिलीस तर कुणाचं काय बिघडणार आहे?

तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कुणाचं बिघडणार ते सांगते. समोरच्या शिंपीणबाईंची मुलगी आणि जावई तुझं पुस्तक घेऊन त्याच वाटेने निघालेत. वादळ लागलं तर तुझ्या खाडीत शिरायचं, असं तिने मला पान उघडून दाखवलं. मी म्हटलं, अगं, ते खडक माझ्या ओट्यावरचे आहेत. ती हसली. तिने आपल्या आईला हळूच सांगितलं की भावाचं नाव झालं म्हणून बाईंना सहन होत नाही. चौतीस वर्षं नकाशे काढले. पण छापलेल्यापुढे माझं कोण ऐकतो?

आईला जेवू घालायला मी खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. तिला कुठे होडी न्यायची नव्हती. मी थकले आहे, धाकट्या. तुला मान खाली घालायला लावायची हौस मला नाही.

त्यांची होडी २० मार्चला पहाटे सुटते. खाडी नाही, तू टोकाला वळसा घातला नाहीस, एवढं तुझ्या हाताने लिही आणि खाली सही कर. कागद गुरुवारी, १९ मार्चला दुपारी बारापर्यंत माझ्या हातात हवा. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, आणि ती मुलगी आवाजावर नाही, कागदावर विश्वास ठेवते.

तुझी ताई