खुशालीचा फोन

राणीसावरगाव,
४ फेब्रुवारी

ती. योगीराजदादास,
भक्तीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण फोन कंपनीचा आहे, त्यावर बोललेलं दुसऱ्या दिवशी पुण्याला माहीत असतं. आम्ही घरी बसून काम करणारे. कुणी सोडून जाऊ नये म्हणून रोज सकाळी ऑफिसातून बबिताताईंचा खुशालीचा फोन यायचा. घरच्यांचे नंबरही त्यांनी घेऊन ठेवलेत. आपल्या भागातल्या पोरींना त्यांची पुणेरी बोली परकी वाटायची, म्हणून मागे माझा आवाज भरून घेतला. मीही हौसेने हसले, रुसले, ओव्यासुद्धा म्हटल्या. आता इकडच्या सगळ्यांना मशीन माझ्याच आवाजात फोन करतं आणि आपल्या मनानेच गप्पा मारतं!

असो. मी राजीनामा दिलाय. आईच्या दोन्ही डोळ्यांवरची पट्टी सुटेपर्यंत आणि पुढेही तिच्याजवळच राहणार आहे. तिला सांग.

तुझी लाडकी,
भक्ती

पाथरी,
९ फेब्रुवारी

चि. भक्तीस अ. आ.

अगं धरसोडबाई, एक काय ते ठरव! पत्रात राजीनामा, आणि काल फोनवर आईला म्हणालीस की नोकरी सोडायची न्हाई, मला लय करमायलंय. आई त्या रात्री जेवली नाही. पण आज सकाळी तूच परत अशी गोड समजूत काढलीस की म्हातारी खुलली. डोळ्यांच्या औषधाचीही आठवण केलीस म्हणे. आता फोन तिच्या उशाशीच असतो.

मी उद्यापासून शाळेच्या कामाला चारठाण्याला आहे, आईला जेवण शेजारून येईल. जिवाला जप.

तुझा दादा

पाथरी,
१३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मिळेल त्या गाडीने निघाले. मी आईला एकदाही फोन केलेला नाही. कंपनीचा फोन तर तुला पत्र टाकलं त्याच दिवशी परत पाठवलाय.

आई खाटेवर बसून फोनवर बोलत होती. आई, मी आले, असं म्हणाले तर तिने हातानेच गप्प केलं. थांब बाई, माझी लेक बोलायलीय म्हणाली. मीच भक्ती, म्हणून मी तिचे हात धरले. ती घाबरली. ही कोण आलीय, असं तिने फोनलाच विचारलं. तेव्हा माझाच आवाज, अगदी मायेने, म्हणाला की आई, मी तर राणीसावरगावातच हाय, अनोळखी बाईला घरात घेऊ नगंस. आईने मला बाहेर लोटलं आणि चाचपडत कडी लावून घेतली. आत आई अजून तिच्याशी बोलतेय.

दादा, मला फार भीती वाटतेय. शेजारून तुला फोन करणार होते, पण आवाजावरून तू तरी मला कसं ओळखणार? म्हणून हे पत्र चारठाण्याला निघालेल्या जीपवाल्या मुंजाजीजवळ देतेय. अक्षर अजून माझंच आहे. ते ओळख आणि ये.

माया आटू देऊ नकोस.

तुझीच,
भक्ती