काडेपेटीतले कार्ड

मी, नागराज यल्लाप्पा मिराशी, वय अडुसष्ट, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार गणेशगुडीजवळची वाडी, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा कान गेला आहे, पण कायद्याला कान लागत नाही असे जोयड्याचे वकील म्हणाले. कुणाचा दाब नाही. माझी बायको रुक्मा हिचा थोडा आहे, तो पुढे येईल.

१. राहते घर, मागचा फणस आणि भाताची पट्टी माझ्यामागे रुक्माची. मी जन्मभर जत्रा आणि लग्ने करत फिरलो, घर हिने धरले. मुलगी प्राजक्ता हिने आईला बेळगावला चल म्हणून छळू नये. बँकेत जे असेल ते दोघींनी न भांडता घ्यावे.

२. मोठे बॉक्स, ॲम्प्लिफायर आणि चारही भोंगे प्राजक्ताने विकून टाकावेत. जावयाने त्यावर डीजे सुरू करायचा नाही. माझा कान असल्याच दणदणाटात गेला.

३. गावातला दुसरा साऊंडवाला प्रवीण याने एका जत्रेत माझी लांब वायर नेली, ती आजतागायत परत नाही. ती त्यालाच देऊन टाकणार होतो. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकिलांनी बजावले आहे. तेव्हा प्रवीण, वायर परत आण. हे वाचून तो म्हणाला, "मामा, ती उंदरांनी कवाच खाल्ली!" उंदरांवर ढकलतो मेला.

४. आमच्या वाडीत मराठी ख्रिस्ती मंडळींचे पत्र्याचे लहान चर्च आहे. मी त्यांच्यातला नव्हे, पण त्यांचा साऊंड माझाच. माझे दोन चांगले माइक, रेकॉर्डिंगचे लहान मशीन आणि हेडफोन त्या चर्चला द्यावेत. उपासनेतली गाणी रेकॉर्ड करायला आणखी काही लागत नाही. गाणारा दिसला की त्याच्या तोंडात माइक कोंबू नये. दोन्ही माइक मधोमध, वाशाला टांगावेत, म्हणजे बसलेल्या माणसाला ऐकू येते तसे उतरते. आवाज साफ करायचे बटण दाबू नये. दुकानदार आठ माइक आणि मोठा मिक्सर गळ्यात मारायला बघेल. घेऊ नये. २०१९ साली मंडळींच्या गळ्यात मारणारा मीच होतो.

५. वरचे शहाणपण माझे नाही, परशूचे आहे. परशू त्या चर्चमध्ये ढोलकी वाजवतो. त्याची आई शांतक्का सूर धरायची. गुडघ्यांमुळे मागच्या दाराशी बसायची, माइकला हात लावायची नाही. तिथून ती पहिली ओळ उचलायची आणि मग सगळी मंडळी. तिचे एक गीत होते, भाताचे रोप लावताना बायका म्हणतात त्या चालीवरचे, तिच्या आईकडून आलेले. शब्द वहीत आहेत. चाल कुठेच लिहिलेली नाही.

२०१९ साली कापणीच्या उपासनेचे रेकॉर्डिंग करायचे ठरले आणि सामान निवडायचे काम माझ्याकडे आले. मी आठ माइक सांगितले. परशू म्हणाला, "मामा, येवढं कशाला? माझं हे हातातलं रेकॉर्डिंगचं मशीन मधी टांगू. मानसाला ऐकू येतंय तसं येऊ दे की." मी सगळ्यांदेखत हसलो. म्हणालो, "तू ढोलकी बडव. माझ्या धंद्यात नाक खुपसू नको." तरी त्याने ते मशीन सुतळीने वाशाला टांगलेच.

उपासना संपल्यावर मशीनमधले मेमरी कार्ड त्याने माझ्याकडेच दिले, कारण कॉम्प्युटर माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही ऐकले. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पेटी, ढोलकी आणि माइकवरचे चौघे. स्वच्छ आणि आळणी. शांतक्का त्यात नव्हतीच, तिच्यापुढे माइक नव्हता. परशूच्या कार्डात अख्खे चर्च होते. पत्रा कडकडत होता, कुणाचे तरी मूल किरकिरत होते, आणि मागून शांतक्काचा सूर आला. माझ्या अंगावर काटा आला. मग असा राग आला, की परशू विचारायला आल्यावर मी सांगितले, "तुझं काय उमटलंच न्हाई बघ. कार्ड कोरं हाय."

चार महिन्यांनी शांतक्का वारली. परशू आला. "मामा, तुमच्या आठ माइकात कुठंतरी आईचा आवाज असंल की." मी नाही म्हणालो. आठ माइकांपुरते ते खरेच होते! तो आणखी दोनदा आला. आता ते गीत जो तो आपल्या चालीत ओढतो आणि परशू मधेच ढोलकी थांबवतो. मी बाहेर बॉक्सपाशी उभा असतो. कार्ड काडेपेटीत, काडेपेटी माझ्या कपाटात. आज देतो, उद्या देतो, असे करत सहा वर्षे गेली. मला याची लाज वाटते.

६. (हे कलम खोडले आहे.) माझ्यामागे काडेपेटी परशूला द्यावी आणि माझी माफी सांगावी, असे यात होते. रुक्माने कच्चा कागद वाचला. तिला कार्डाचे ठाऊक नव्हते. हातातले पीठ तसेच घेऊन ती बाहेर आली. "मेल्यावर माफी मागनार व्हय तुमी? मग त्यानं शिव्या कुनाला घालायच्या, तुमच्या फोटूला?"

शिवाय परशू माझा दुसरा साक्षीदार. त्याच्याइतका सरळ माणूस या भागात मला माहीत नाही, म्हणून त्यालाच सांगितले होते. वायरीचा नियम त्यालाही लागतो. म्हणजे द्यायचे तर जिवंतपणीच.

काल सकाळी तो सहीला आला. मी आधी काडेपेटी त्याच्या हातात ठेवली आणि सगळे सांगितले. मग कार्ड लावून हेडफोन दिला. गीत सुरू व्हायच्या आधी शांतक्का बोलते, ते मला पाठ आहे: "परशू, बस की खाली. नागूला त्याचं काम करू दे, लेकरा." परशूने तेवढेच तीनदा ऐकले. गीतापर्यंत गेलाच नाही.

हेडफोन काढून तो म्हणाला, "आईचा आवाज इसरत चाललो हुतो, मामा. म्हनून येत हुतो तुमच्याकडं." काडेपेटी खिशात घातली आणि गेला. रुक्माने आणलेला चहा तसाच राहिला.

७. माझ्या अंत्ययात्रेत भोंगा लावू नये. चर्चच्या मंडळींनी येऊन ते गीत म्हटले तर कुणी अडवू नये. नाही आले, तर का आला नाहीत म्हणून विचारू नये.

हे सर्व मी रुक्माला वाचून दाखवले. कलम सहा खोडलेले असले तरी राहू द्या, असे ती म्हणाली.

स्थळ: गणेशगुडीजवळची वाडी, तालुका जोयडा
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) नागराज यल्लाप्पा मिराशी

साक्षीदार १: (सही) प्रवीण नारायण देसाई

साक्षीदार २: परशू योहान गायकवाड

वकील म्हणतात, दुसरा कुणीही चालेल. प्रवीण आपल्या भावाला हाक मारायला निघाला होता, मी त्याला थांबवले. ती जागा परशूची आहे. त्याची सही होईपर्यंत हे मृत्युपत्र नाही, नुसता कागद आहे.