अबोलीला मीठ नको

विक्रोळी,
ता. ४ ऑक्टोबर १९५६

ती. वहिनीस दत्तारामचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. पाकिटावर तुझ्या नावामागे सवयीने 'सौ.' लिहिलं, खोडलं, पाकीटच फाडलं. 'गं. भा.' लिहायला हात वळत नाही. नुसतं 'मालन' लिहिलंय, रागावू नकोस.

तुझं पत्र पोचलं. अर्थिंगच्या पाइपाजवळची अबोली डवरलीय, मुलुंडच्या बायका म्हणतात विजेने झाड पोसलं, आणि तुला वाटतं दादाचाच जीव त्यात आलाय. वहिनी, ते वाचल्यापासून डोळे मिटले की ती फुलंच समोर येतात.

नवी इस्त्री घेतलीस, शुभा शाळेचा फ्रॉक स्वतः इस्त्री करते, हेही लिहिलंस. म्हणून आता सांगायलाच हवं.

दादाला शॉक बसला तो इस्त्रीच्या दोषाने, असं मी तेराव्याला सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. दुकानदाराला शिव्या घातल्या. अर्धं खोटं होतं ते. बिघाड कुठल्याही इस्त्रीत होतो. पण अर्थिंग नीट असलं तर करंट पाइपातून जमिनीत उतरतो, माणूस वाचतो. त्यासाठी खड्ड्यात मीठ नि कोळसा भरतात, नाहीतर तिथल्या मुरमात तो पाइप म्हणजे नुसती खुंटी. आणि मिठाशेजारी अबोली जगत नाही. तुझी जगली, झकास जगली. काय ते समज.

तुमचं अर्थिंग मी केलं, तेव्हा मीठ आणलं होतं. खड्ड्याशी येऊन तू म्हणालीस, "दत्तू, माझ्या अबोलीची वाट लावू नकोस ना रे!" मी हसलो आणि पोतं सायकलवर टाकून परत नेलं. हे लिहिणारच नव्हतो. पण एक दिवस तुझं तुलाच आठवलं असतं, आणि तेव्हा तू एकटी असतीस. तू झाडापुरतं बोललीस, तुला काय ठाऊक? वायरमन मी. 'नाही' म्हणायचं किंवा खड्डा दुसरीकडे खणायचं काम माझं होतं. आळस केला मेल्याने. सख्ख्या भावाला मी मारलं, वहिनी.

पत्र वाचशील त्या क्षणी मेन स्विच बंद कर, कंदील काढ. शुभाला इस्त्रीच्या वाऱ्यालाही उभी करू नकोस. रविवारी मीठ घेऊन येतोय. घरात घेतलं नाहीस तर बाहेरच्या बाहेर खड्डा भरून जाईन.

अबोली मरेल. तुला वाटेल, दत्तूने यांना दुसऱ्यांदा मारलं. वाटू दे. शुभा राहील.

'तुझा' लिहवत नाही,
दत्ताराम