तक्त्यातली शेवटची ओळ

४ मार्च, सकाळ.
आजपासून ग्रंथ. विषय: माणसाला काय काय कळू शकत नाही. प्रश्न बारा काढलेत. आठवड्याला एक, म्हणजे मेअखेर विषय संपला. आजवर हे कोणाला जमलं नाही, कारण त्यांचं चष्म्याचं दुकान नव्हतं. बावीस वर्षं मी लोकांना विचारतोय, आता स्पष्ट दिसतंय की आधी दिसत होतं? तत्त्वज्ञान याहून वेगळं काय असतं?
हिने चहा कपाबाहेर ओतला. पहिलं पान गेलं. पुन्हा लिहिलं.

७ मार्च.
प्रश्न पहिला: समोरच्याला काय दिसतं ते आपल्याला कधी कळतं का? उत्तर जवळजवळ हातात. तेवढ्यात मास्तर आले. नव्या चष्म्यात डावा नंबर उजवीकडे बसलाय, अशी तक्रार. स्पष्ट दिसणं ही सापेक्ष गोष्ट आहे, हे त्यांना शांतपणे समजावलं. ते चष्मा काउंटरवर ठेवून निघून गेले. काहींची तयारीच नसते.
ही डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीवर आपटली. कालही आपटली होती. म्हटलं, चौकट बावीस वर्षं तिथेच आहे.

११ मार्च.
पहिला प्रश्न चालू. आठवड्याला एक हा नियम जरा जाचक वाटतो. दोन आठवडे धरू.
पहिलं प्रकरण हिला वाचायला दिलं. दोन पानांवर मिटून ठेवलं. डोकं दुखतं म्हणाली. साहजिक आहे, विषय खोल आहे.

१९ मार्च, दुपार.
हिचा जिन्यात पाय चुकला, गुडघा फुटला. म्हणते, डावीकडचं नीट दिसत नाही. मी नेमका वाक्याच्या मध्यात. तरी उठलो. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यात एक पडदा तेवढा. हिला खुर्चीवर बसवलं, उजवा डोळा झाकला. पठ्ठीने तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटला. शेवटची ओळ तरण्या पोरांनाही लागत नाही, तीसुद्धा: त ल ग न र प. एक चूक नाही. सांगितलं, डोळा ठणठणीत आहे, तुझं लक्ष नसतं. ती बरं म्हणाली.
माझं वाक्य मात्र गेलं ते गेलंच.

२ एप्रिल.
पहिला प्रश्न तूर्त स्थगित. दुसरा: कोणी बघत नसताना वस्तू असतात का? दुकानात डोळे मिटून प्रयोग केला. नंतर समोरचा सलूनवाला म्हणाला, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. म्हणजे असतात. पण हा पुरावा ऐकीव आहे.
जेवताना हिने भाजी ताटाबाहेर वाढली. मी आवाज चढवला. वर मलाच म्हणते, उजव्या बाजूला बसत जा. पन्नाशीत नखरे.

२० एप्रिल.
हिचा भाऊ आला आणि हिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. मला विचारलं नाही. मी गेलो नाही, प्रस्तावना रंगात आली होती. संध्याकाळी त्याचा फोन. काचबिंदू. डावा डोळा पूर्ण गेलाय, उजव्याच्या कडा गेल्यात. गेलेलं परत येत नाही.
मी सांगितलं, मी स्वतः तपासलंय, शेवटची ओळ वाचली होती तिने. त्याने फोन तिच्याकडे दिला.
"तो तक्ता मला पाठ आहे हो," ती म्हणाली. "बावीस वर्षं पडद्यामागून ऐकतेय. तुम्ही घाईत होता."

२४ एप्रिल.
डॉक्टरांना तारखा हव्यात. कधी काय सांडलं, कधी कुठे आपटली. हिला आठवत नाहीत. माझ्या वहीत सगळ्या निघाल्या. ४ मार्च चहा. ७ मार्च चौकट, आदल्या दिवशीही. ११ मार्च वाचन बंद. १९ मार्च जिना. २ एप्रिल भाजी. सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या. अर्धं पान भरलं. दीड महिन्यात माझं एवढंच लिखाण पूर्ण झालं.

२५ एप्रिल.
आज बरोबर गेलो. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, इतक्या बारीक नोंदी सहसा कोणी ठेवत नाही. मग हिला विचारलं, मिस्टर काय करतात?
ही माझ्याकडे बघत होती. म्हणजे तोंड माझ्या दिशेला होतं.
"लिहितात," ती म्हणाली.
दुकानाचं तिने नावही काढलं नाही.